बारावी होऊ दे, मग सांगू?

आमच्या नात्यातल्या एका दादाला हंटिंग्टनचं निदान झालं, म्हणजे मेंदूचा, हळूहळू वाढत जाणारा आणि आईबाबांकडून मुलांत येऊ शकणारा आजार, आणि तेव्हापासून फॅमिली ग्रुपवर एकच वाद चालू आहे, त्याच्या पोरीला हे सांगायचं की नाही. ती अकरावीत आहे. बहुतेकांचं म्हणणं, बारावी होऊ दे, नीट होऊ दे, मग बघू. काकू म्हणतात, बाहेर कळलं तर उद्या स्थळं येणार नाहीत. काकूंची भीती खोटी नाहीये, आपल्याकडे होतं असं. पण पोरगी त्याच घरात राहते ना! बाबांचे हातपाय आपोआप हलतात, चालताना झोक जातो, कशावरूनही भडकतात आणि सोसायटीतले म्हणतात प्यायलेत, हे सगळं ती रोज बघते, तिने मोबाईलवर शोधलं नसेल असं खरंच वाटतं का कुणाला?

इथे इंग्लंडमध्ये, लीड्सला, माझ्या मुलाच्या वर्गात एक पोरगा आहे, त्याच्या आईला हाच आजार. त्याला लहानपणापासून थोडं थोडं सांगत आलेत. शाळेतून आला की आईला भरवतो, ठसका लागू नये म्हणून चहासुद्धा पावडर घालून घट्ट करतो, तिचं बोलणं आता घराबाहेरच्या कुणाला कळत नाही. एकदा आमच्याकडे जेवताना त्याच्या हातून ग्लास सटकला तर कितीतरी वेळ स्वतःच्या बोटांकडेच बघत बसला. म्हणजे माहीत असलं तरी भीती जात नाहीच, पण ती बोलून दाखवायला त्याला इथल्या हंटिंग्टन संस्थेची युथ वर्कर आहे आणि घरी काय चाललंय हे शाळेलाही माहीत आहे. नाही ते म्हणजे माणसं. रात्री आई पडली तर उचलायला तो आणि त्याचे बाबा, बस. आपल्याकडे हाक मारली की चार जण धावत येतात, फक्त या विषयावर सगळे गप्प.

ग्रुपवर अजून एक घोळ चाललाय, सांगितलं की लगेच टेस्ट करावी लागेल असं सगळे धरून चाललेत. आई किंवा बाबांना असेल तर प्रत्येक मुलाला या आजाराचा बिघडलेला जीन येण्याची शक्यता 50 टक्के, आणि 1993 मध्ये जीन सापडल्यापासून रक्ताच्या टेस्टमध्ये ते कळतं, हे खरं. पण काही लक्षणं नसलेल्या मुलांची टेस्ट इथे 18 च्या आधी करतच नाहीत आणि नंतरही करायची की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं, आयुष्यभर न करणारेही खूप आहेत. ते पोरगी मोठी झाली की ठरवेल. वहिनींना माझं एवढंच सांगणं आहे की दादाला नीट बोलता येतंय तोवर दोघांनी मिळून तिला सांगा.