ताक प्या, पण पंप फेकू नका

पोळा सरला की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास येतात. धुऱ्यावरच्या गाजरगवताला पांढरी फुलं, आणि मोबाईलवर तो मेसेज. "परागकणांची अ‍ॅलर्जी नाकाची नाही, पोटाची असते. 21 दिवस ताक किंवा कढी घ्या, आतड्यातले चांगले जंतू वाढतील, शिंका कायमच्या बंद. गोळ्या त्या जंतूंना मारतात. दम्याचा पंप फेकून द्या. मातीत वाढलेल्याला अ‍ॅलर्जी होतच नाही." यंदा तो मला चार ग्रुपवर आला, त्यातला एक भजनी मंडळाचा.

सगळंच खोटं असतं तर सोपं होतं. पण मूळ धागा खरा आहे. आतड्यातले जंतू तंतुमय अन्न आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात, आणि उगाच भडकणाऱ्या प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींना त्यांची मदत होते. 2016 मध्ये अमेरिकेतल्या 1,879 लोकांच्या माहितीवरून एक अभ्यास छापून आला. अ‍ॅलर्जी आहे असं सांगणाऱ्यांच्या पोटात जंतूंची विविधता कमी दिसली. जंतू घटले म्हणून अ‍ॅलर्जी झाली, की उलटं, हे अशा पाहणीतून कळत नाही. आणि शिंक येते ती नाकामुळेच. पराग आत चिकटला की तिथल्या पेशींतून हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं आणि दोन-चार मिनिटांत नाक वाहू लागतं.

आता ताक. फ्लोरिडात 173 जणांवर झालेली चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. आठ आठवडे, तीन ठरावीक जातींच्या जंतूंच्या कॅप्सूल, आणि निम्म्या लोकांना नुसत्या दिखाऊ. खऱ्या कॅप्सूलवाल्यांचा त्रास जरा सुसह्य झाला. 'कायमचा बंद' कुणाचाच झाल्याचा दावा नाही, आणि फार तीव्र अ‍ॅलर्जीवाले त्यात नव्हतेच. आपल्या घरच्या विरजणात कोणते जंतू, किती, हे विरजण लावणाऱ्या आईलाही ठाऊक नसतं. कढीचं तर विचारूच नका. तिला उकळी आली की जंतूंचा कारभार आटोपला! कढी चवीसाठी खावी.

गोळ्यांबद्दल सरळ घोटाळा आहे. जंतूंना मारतं ते अँटिबायोटिक. शिंकांवरची सेटिरिझिन हिस्टामिनला अडवते, ती अँटिबायोटिक नव्हे. फक्त कागदाच्या पुडीत चार रंगांच्या गोळ्या हातात पडल्या तर त्यात काय काय आहे, हे जरूर विचारा.

मातीचा मुद्दा मात्र ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या आमिश लोकांची मुलं गोठ्याला लागून वाढतात; हटराइट लोकांचीही शेतीच, पण यंत्रांची आणि घरापासून दूर. दोन्ही समाजांचं मूळ जवळपास एकच. 2016 च्या अभ्यासात दम्याचं प्रमाण आमिश मुलांत सुमारे 5 टक्के, हटराइट मुलांत 21 टक्के सांगितलंय. म्हणजे गोठ्याजवळच्या बालपणानं धोका कमी होतो. शून्य होत नाही.

शेजारच्या काकाजींना मेसेज वाचून दाखवला तर रुमालानं नाक पुसत म्हणाले, "मी तं गोठ्यातच वाढलो न बाप्पा, मंग माह्या नाकाले काय झालं?" काकाजी, तुमच्या गोठ्यात गाजरगवत नव्हतं. ते अमेरिका खंडातलं. आपल्याकडे त्याच्याकडे लक्ष गेलं ते 1950 च्या दशकात, पुण्यात. त्यात सोयाबीन काढणीला थ्रेशरजवळ उडणारी धूळ आणि बुरशी वेगळीच. तो त्रास परागाचा नसूनही शिंका त्याच.

राहिला पंप. इथं मला राग येतो. तो दम्यासाठी दिलेला असतो. ताकाच्या भरवशावर तो बंद केला आणि रात्री छाती आवळली, तर तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता लांब आहे.

काकाजी ताक रोज पितात, भाकरीसोबत, आधीपासूनच. पंप बंडीच्या खिशात. यंदा पावसानं जमीन भुसभुशीत असताना, फुलं यायच्या आधीच, हातमोजे घालून त्यांनी धुऱ्यावरचं गवत मुळासकट उपटलं. शेजारच्या वावरातलं अजून तसंच उभं आहे.