काळ्या कातळाखाली काय आहे?

'दख्खनचे पठार म्हणजे सलग कातळ, त्याला कसला आलाय भूकंप' हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला तेव्हा सरकारी नकाशावरही लातूर जिल्हा सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. (ते क्षेत्रच पुढे २००२ साली रद्द झाले.) नकाशा मुख्यतः जुन्या धक्क्यांच्या नोंदींवर बेतलेला होता आणि तिथे मोठ्या धक्क्याची नोंदच नव्हती.

खरी अडचण कातळाचीच आहे. लाव्हाच्या थरांखाली ग्रॅनाइटी पाया झाकला गेला आहे आणि भूकंप घडवणारे भ्रंश, म्हणजे ज्यांच्या बाजूने खडक सरकतो त्या भेगा, त्या पायात आहेत. किल्लारीला हे झाकण सुमारे ३३८ मीटर जाडीचे निघाले. कोयना परिसरात गोठणे येथे २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या सुमारे ३ किलोमीटर खोल विंधनविवरात बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला हाच काळा कातळ, १२४७ मीटरपर्यंत लागला. वरून सोडलेल्या ध्वनिलहरी या थरांच्या सांध्यासांध्यावरून परततात आणि खालचे चित्र गढूळ येते. म्हणून भूविद्युत-चुंबकीय मोजणीचा आधार घ्यावा लागतो, कारण भेगांत साठलेले पाणी वीज वाहून नेते आणि असा पट्टा कोरड्या खडकात वेगळा उठून दिसतो. अशा एका मोजणीच्या वेळी मी शेताच्या बांधावर उभा होतो. जमिनीत पुरलेले विद्युतअग्र आणि लांबवर पसरलेल्या तारा पाहून एका आजोबांनी विचारले, "पाणी किती फुटावर हाय?" तेवढ्यात शेजारच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली आणि नोंद बिघडली, उरलेली मोजणी वीज गेल्यावर रात्री करावी लागली. भारनियमनाचा एवढा उपयोग मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही.

कोयनेचा अभ्यास खोलवर झाला, यात नवल नाही. १९६७ च्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपानंतरही तिथे लहान धक्के चालूच आहेत आणि प्रत्येक धक्क्याच्या लहरी भूकवचातून येताना वाटेतल्या खडकांची माहिती आणतात. शांत मराठवाड्यात हा उजेड फुकट मिळत नाही. तरीही पैसा आणि उपकरणे धक्के बसतात तिथेच जातात, आणि माझा आक्षेप नेमका यालाच आहे. अशा चित्रणातून भूकंपाची तारीख कळत नाही, हे मान्य. पण भेग कुठून जाते हे कळले, तर शाळा, दवाखाना किंवा पाण्याची टाकी बांधण्याआधी अभियंत्याच्या हातात काहीतरी असेल. निदान तेरणा आणि मांजरा खोऱ्यांत, पुढचा धक्का बसण्याची वाट न पाहता, ठरावीक अंतरावर ही मोजणी एकदा पूर्ण करावी.