पुन्हा आलात?

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साताऱ्याच्या आत्यावरून वाद झाला. पंधरा दिवसांत ती तीनदा दवाखान्यात गेली, कधी छातीत धडधडते म्हणून, कधी हातापायांना मुंग्या येतात म्हणून. रक्त, ईसीजी, सगळे ठीक निघाले. त्यावर चुलतभावाने निकाल दिला, "रिकामपणाचा आजार आहे. डिप्रेशन वगैरे तुमच्याकडची फॅडं." तुमच्याकडची म्हणजे माझ्याकडची, कारण मी ११ वर्षे इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो.

ते 'तुमच्याकडची' मला झोंबले. वारंवार दवाखान्याची पायरी चढणाऱ्या आणि तपासणीत काहीच न सापडणाऱ्या अनेकांना नैराश्य असते, आणि ते स्वतःचे नाव न सांगता पाठदुखी, अपचन, थकवा, निद्रानाश यांच्या आडून येते. इथे किमान जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, ९ प्रश्नांचा कागद पुढे सरकवतो. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला आहे का, झोप कशी आहे, अशा प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण असतात आणि बेरीज १० किंवा त्याहून अधिक झाली की पुढची चौकशी होते. आमच्याकडे (अजून मी 'आमच्याकडे'च लिहितो) सलाईन लावतात, बी-कॉम्प्लेक्स टोचतात, आणि रुग्ण समाधानाने घरी जातो.

हे ठणकावून लिहीत असतानाच गोवा आठवला आणि बोट थबकले. तिथल्या 'संगाथ' संस्थेने, डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. सरकारी केंद्रांतले अधिक रुग्ण त्यामुळे बरे झाले, हे २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. म्हणजे या बाबतीत धडा घ्यायचा तर तो पणजीच्या बाजूने यायला हवा. इथल्या जीपीकडे १० मिनिटे मिळतात, आणि तीही सकाळी आठला फोनवर रांग लावून.

त्याच रांगेत दुसऱ्या हिवाळ्यात मी पाच वेळा उभा होतो, दर वेळी ॲसिडिटीसाठी. पाचव्या वेळी डॉक्टरीणबाईंनी तो कागद दिला. माझी बेरीज १४ आली. त्या रात्री आईला फोनवर सांगितले, "ॲसिडिटीच आहे, गोळ्या दिल्यात." ती म्हणाली, "ताक पीत जा."

ग्रुपवरचे उत्तर अर्धवटच राहिले. काल आत्याला फोन केला, तर हॅलो म्हणताच तिने विचारले, "तुझी ॲसिडिटी कशी आहे रे?"