'म्हाताऱ्या सासूला उकिरड्यावर बसवलं' या कमेंटला माझं उत्तर

घरच्या ओल्या कचऱ्याचं अंगणात खत कसं करायचं यावर मी सासूबाईंच्या फोटोसकट जो लेख टाकला होता त्याच्याखाली एका वाचक दादांची मोठी कमेंट आलीय. तिथंच रिप्लाय देणार होते पण त्या कमेंटला बऱ्याच जणांनी लाईक केलंय, म्हणजे तसंच वाटणारे अजून आहेत, मग म्हणलं सगळ्यांसमोरच लिहावं. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दादांचं म्हणणं असं की लातूरला प्यायला पाणी मिळत नाही आणि ह्या बाई कचऱ्याला पाणी पाजायला सांगतात, तीन महिन्यांत खत होतं हे खोटं आहे कारण त्यांच्या डब्यात सहा महिन्यांनीसुद्धा नुसता वास मारणारा चिखल आणि अळ्या, कचरा उचलणं महापालिकेचं काम आहे, लेखात घरातले पुरुष कुठंच दिसत नाहीत, आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं देते: "फोटोसाठी म्हाताऱ्या सासूला उकिरड्यावर बसवलं, शिकलेल्या सुनांचे रिकामपणाचे उद्योग."

दादा, बाकीच्यावर बोलू, पण आधी ह्या वाक्यावर बोलते. तुम्ही लेखाबद्दल काय पण लिहा, माझी पद्धत चुकीची म्हणा, मला राग येणार नाही. पण माझ्या घरातल्या माणसाबद्दल तुम्ही एक फोटो बघून निकाल दिला, आमच्या घरात कोण कसं राहतं, कोण कुणाला कामाला लावतं हे तुम्हाला कुठून कळलं? एक ओळ विचारली असती की ताई, ह्या वयात त्यांना हे काम झेपतं का, तर मी आनंदानं सांगितलं असतं. विचारायची एक रीत असते. तुम्ही विचारलं नाही, सरळ आरोपच केला आणि तोपण सगळ्यांच्या देखत.

तर सासूबाईंचं सांगते. त्या औसा तालुक्यातल्या, जन्मभर शेतात. 72 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या लेकरूच होत्या, आईच्या मागं दुष्काळी कामावर जायच्या, खडी फोडायच्या बायका आणि ही लेकरं पाट्या उचलायची, वाटपातली सुकडी आणि मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाऊन दिवस काढले ते अजून सांगतात. लग्न होऊन आल्या तर घरी बैल, गाई, म्हैस. पहाटं उठून गोठा झाडायचा, शेण पाटीत भरून उकिरड्यावर न्यायचं, जनावरांनी पुढचा कडबा चघळून टाकला की ते चघाळ त्याच्यावर, चुलीतली राख त्याच्यावर, आणि उन्हाळ्यात तो उकिरडा फोडून गाड्या भरून शेतात, मृगाच्या आधी. हे त्यांनी किती वर्षं केलं त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही. त्यामुळं उकिरडा म्हणजे काहीतरी घाण, तिथं म्हातारं माणूस बसलं म्हणजे त्याचा अपमान झाला, हे तुमचं मत तुमच्यापाशी ठेवा, आमच्या घरात ज्याचा उकिरडा मोठा त्याची जमीन चांगली हे ऐकत सगळे वाढलेत.

मग मामंजी गेले. बैल आधीच विकले होते, शेत बटईनं दिलं, आणि ह्यांनी आईला लातूरला आणलं. आमचं घर तसं बरं आहे, मागं थोडं अंगण आहे, पण त्या आल्यापासून नुसत्या पलंगावर बसून. टीव्ही लावून दिला तर बंद करायच्या. जेवण कमी झालं, रात्री झोप नाही, रोज सकाळी एकच विचारायच्या, गावाकडं कवा जायचं. दवाखान्यात दाखवलं, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल, डॉक्टर म्हणाले ह्यांना काही आजार नाही, ह्यांना काहीतरी करायला द्या. काय देणार? भाजी निवडून व्हायची दहा मिनिटांत. स्वयंपाकात हात लावायला गेल्या की मीच म्हणायचे राहू द्या, तुम्ही आराम करा. चांगल्या मनानंच म्हणायचे, सगळ्याच सुना म्हणतात, आणि ते ऐकून त्या परत पलंगावर जाऊन बसायच्या.

एकदा घंटागाडीत टाकायला मी भाजीचे देठ, कांद्याची टरफलं, शेंगांची फोलपटं बादलीत भरून निघाले तर मागून आवाज, "हे कामून फेकतीस?" मी म्हणलं मग काय करू. म्हणल्या ठेव तिथं. आणि त्यांनीच कोपऱ्यातला फुटका रांजण ओढला. आमच्या घरातलं खत असं सुरू झालंय दादा. मी पुस्तकं, व्हिडिओ नंतर बघितले, त्याच्यात कर्ब (वाळलेल्यात जास्त असतो) आणि नत्र (ओल्यात जास्त असतो) ह्यांचं प्रमाण साधारण 25 ते 30 ला 1 पाहिजे असं लिहिलेलं असतं, सासूबाई ते तोंडानं सांगतात की ओल्याच्या दुप्पट वाळलं टाक. तेच आहे ते. काही कळालं तर त्यांना वाचून दाखवते, त्या ऐकून घेतात आणि त्यांच्या मनानं करतात.

आता त्या रांजणाच्या मालक त्याच आहेत. मी मेथीच्या काड्या अख्ख्या टाकल्या तर बोलणी खाते, बारीक करून टाक म्हणतात, आणि बरोबरच आहे, जेवढं बारीक तेवढं लवकर कुजतं. फोटो माझ्या लेकीनं काढला, ती म्हणाली आजी इकडं बघ, तर त्यांनी आधी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मग बसल्या तशाच बसून राहिल्या खुरपं हातात घेऊन. खाली पाट आहे, सावलीला बसल्यात, सकाळची वेळ आहे, हे सगळं त्या फोटोत दिसतंय, तुम्हाला फक्त 'म्हातारी' आणि 'उकिरडा' एवढंच दिसलं. गल्लीतल्या बाया त्यांना विचारायला येतात, रांजणात हे टाकू का ते टाकू का. ज्या बाईला शहरात आल्यावर कुणी काही विचारत नव्हतं तिला आता लोक घरी येऊन विचारतात. रात्रीची झोप लागते, दोन भाकरी खातात. हे सगळं मी लेखात लिहिलं नव्हतं कारण ते घरातलं आहे, चारचौघांत मांडायचं नव्हतं, तुमच्या एका वाक्यानं मांडावं लागलं याचं मला वाईट वाटतंय.

आणि 'शिकलेल्या सुना', 'रिकामपण' हे मला उद्देशून आहे तर तेपण सांगते. मी रेणापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याची लेक आहे. सुट्टीत सोयाबीन काढायला, तूर बडवायला, उडदाच्या शेंगा तोडायला गेलेय, हाताला चिरा पडल्यात, तेव्हा कामाची ओळख मला करून देऊ नका. आज सकाळी डबे, मग नोकरी, आल्यावर परत घर, ह्यात रिकामी वेळ कोणती ते मला पण सांगा. तुम्ही एवढी लांब कमेंट रात्री साडेबाराला टाईप केली, तुमच्या वेळेबद्दल मी काही म्हणलं का?

पाण्याचं बघू. लातूरच्या माणसाला पाणी शिकवायला निघालात म्हणून लिहिते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही इथंच होतो, त्याच्या आधी पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी करायला बंदी घातली होती तेव्हापण इथंच होतो. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण भरलं का नाही हे आमच्याकडं पोरांना पण माहीत असतं. त्यामुळं मी कुणाला नळाचं पाणी कचऱ्यात ओता असं सांगणारच नाही आणि लेखात सांगितलेलं पण नाही, परत वाचा. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, त्याला वरून पाणी लागत नाही, उलट ते शोषायला वाळलेलं टाकावं लागतं. फक्त मे महिन्यात 42-43 च्या उन्हात ढीग कोरडा पडतो, तेव्हा तांदूळ डाळ धुतलेलं पाणी शिंपडायचं आणि वर ओलं पोतं टाकायचं. मुठीत दाबून बघायचं, एखादा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर जास्त झालं. आणि ते खत झाडाच्या आळ्यात घातल्यावर ओल जास्त दिवस टिकते, आमच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात तिथं हा फरक डोळ्यांनी दिसतो. म्हणजे पाणी वाचतं. झालं पाण्याचं.

तीन महिन्यांच्या बाबतीत तुमचं थोडं खरं आहे, ते मान्य करते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या उघडीपीत तीन महिन्यांच्या आसपास होतं, थंडीत जास्त वेळ लागतो, लेखात मी थंडीचं वेगळं लिहायला पाहिजे होतं, आता तशी ओळ टाकलीय. पण खोटं म्हणणं हे जास्त झालं. तुमच्या डब्याचा चिखल झाला त्याला महिने जबाबदार नाहीत. तुम्हीच लिहिलंय की झाकणाचा प्लास्टिकचा डबा, भोकं नाहीत, त्यात रोजचं उष्टं, वरण, भाजीचा रस्सा. हवा गेली नाही तर ते कुजत नाही, सडतं, आणि वास येतो. डब्याला खाली आणि चारी बाजूंनी भोकं पाडा, खाली विटा ठेवा, तेला-मसाल्याचं आणि मटणाची हाडं टाकू नका, त्यानं उंदीर येतात, आणि प्रत्येक ओल्या थरावर वाळलेलं. आपल्याकडं वाळलेल्याला काय तोटा आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुलिंबाचा पाला पोतंच्या पोतं पडतो, लोक तो जाळतात आणि धूर करतात. गावाकडून सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीनंतरचा वाळका भुगा, आणा, लाकडाच्या वखारीतून भुसा आणा, काही नाही मिळालं तर जुना पेपर फाडून टाका. सुरुवातीला मूठभर जुनं शेणखत नाहीतर आंबट ताक, बास.

त्या राखाडी जाड अळ्या म्हणता त्या एका प्रकारच्या काळ्या माशीच्या असतात, ह्या माशा घरातल्या माशीसारख्या अन्नावर बसत नाहीत, आणि अळ्या कचरा खातात आणि निघून जातात. किळस येत असेल तर वाळलेलं वाढवा, आपोआप कमी होतात. गांडुळं आणली आणि मेली असं पण तुम्ही लिहिलंय, लातूरच्या उन्हाळ्यात उघड्या डब्यात गांडुळं मरणारच, 35 च्या वर त्यांना सोसत नाही. साध्या खताला विकतची गांडुळं लागतच नाहीत, माझ्या लेखात गांडुळाचं नावपण नाही, तेव्हा तो राग माझ्यावर काढू नका.

महापालिकेचं काम आहे, हो आहे, कर आम्ही पण भरतो. पण 2018 ला औरंगाबादेत, म्हणजे आत्ताच्या छत्रपती संभाजीनगरात, नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, कारण किती वर्षं शहराची घाण त्यांच्या दारात पडत होती, मग गाड्या मिटमिट्याला नेल्या तर तिथं दगडफेक आणि लाठीमार झाला, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. आमच्या लातूरचा कचरा वरवंटीला जातो, तिथं पण माणसंच राहतात. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायचा हे 2016 च्या नियमांपासूनच सांगितलेलं आहे, तो महापालिका तुमच्या ओट्यावर येऊन करणार नाही. माझ्या घरातून घंटागाडीत आता फक्त प्लास्टिक आणि असलंच काहीतरी जातं, बाकी मला कुणाला शिकवायचं नाही.

घरातले पुरुष कुठं आहेत असं विचारलंत. ते ड्युटीवर असतात, सुट्टीच्या दिवशी मदत करतात, आमचं आम्ही बघून घेऊ, त्याच्यावर मी इथं बोलणार नाही.

एक अजून. तुमची कमेंट मी सासूबाईंना वाचून दाखवली, दाखवायला नको होती असं ह्यांचं म्हणणं पडलं पण मला राहवलं नाही. त्या ऐकून घेतल्या आणि म्हणल्या, "त्येच्या डब्याला भोकं हायत का ते इचार." तुमच्याबद्दल त्या वाईट एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्यापेक्षा त्यांचं मन मोठं आहे, मला अजून राग आहे आणि तो मी लपवत नाही.

तुमची कमेंट मी लगेच डिलीट करणार नाही, खताबद्दलचे प्रश्न त्यात आहेत आणि दुसऱ्यांनाही ते पडतात म्हणून. फक्त सासूबाईंबद्दलचं शेवटचं वाक्य तुम्ही स्वतः काढून टाका असं सांगते, दोन दिवस थांबते, नाही काढलं तर ती पूर्ण कमेंट मी काढीन. डबा नीट करून परत लावला आणि काही अडलं तर जरूर लिहा, भोकं पाडलेल्या डब्याचा आणि आतल्या थराचा फोटो टाका, म्हणजे सासूबाईंना दाखवून सांगता येईल.