केशर घ्या आणि गोळ्या सोडा? थांबा!

‘केशराच्या अर्काची कॅप्सूल सुरू करा, नैराश्याच्या गोळ्या बंद करा’ असा मेसेज फिरतोय. यातलं दुसरं वाक्य धोक्याचं आहे.

पहिल्यात थोडं तथ्य आहे. सौम्य ते मध्यम नैराश्यावर रोज साधारण 30 मिलिग्रॅम अर्क सहा-आठ आठवडे देऊन चाचण्या झाल्या, बऱ्याचशा इराणमध्ये. फायदा दिसला, पण रुग्ण थोडे, काळही थोडा. तीव्र नैराश्याबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आणि दुधातल्या चार काड्या म्हणजे मोजून दिलेला अर्क नव्हे!

चालू गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर, बेचैनी, झोपमोड होऊ शकते, आजारही उलटतो. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही कॅप्सूल घेऊच नये.