आकाशदर्शनाच्या रात्रीविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपला अभिप्राय सविस्तर वाचला. व्याख्यान लांबले, दुर्बिणीशी जेमतेम अर्धा मिनिट मिळाले, शनीची कडी अरुंद दिसली, देवयानी दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचा दूरचा समूह) म्हणजे नुसता राखाडी डाग निघाला, मोबाइलच्या उजेडावरून स्वयंसेवकाने हटकले आणि आकाश निरभ्र असूनही घुमट लवकर बंद झाला, असे आपले म्हणणे आहे. रंगीत छायाचित्रांच्या फलकाने दिशाभूल केली हा त्यांतला सर्वांत गंभीर आक्षेप, म्हणून आधी त्याविषयी.

दीर्घिकेचे छायाचित्र घेताना कॅमेरा कित्येक मिनिटे, कधी तासन्‌तास प्रकाश साठवत राहतो. डोळ्याला ती सोय नाही. शिवाय अंधुक प्रकाशात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी काम देईनाशा होतात आणि सारी भिस्त दंडपेशींवर येते, ज्यांना रंग कळत नाहीत. त्यामुळे दुर्बीण मोठी असली तरी देवयानी डोळ्यांना राखाडीच दिसते. पण तो डाग म्हणजे सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी तिथून निघालेला प्रकाश होता. नेत्रिकेऐवजी, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावायच्या भिंगाऐवजी, पडद्यावर चित्र दाखवावे ही आपली सूचना आम्ही स्वीकारणार नाही. तसे चित्र घरबसल्याही पाहता येते.

शनीच्या कड्यांबाबत आपले निरीक्षण अचूक आहे. सूर्याभोवतीच्या सुमारे साडेएकोणतीस वर्षांच्या फेरीत ती पृथ्वीवरून दोनदा कडेने दिसतात. मार्च 2025 मध्ये तसा योग आला होता. आता ती हळूहळू उघडत जातील आणि 2032 च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील.

मोबाइलविषयीचा नियम मात्र कडकच राहील. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती कमाई क्षणात घालवतो. केवळ आपलीच नव्हे, मागे उभ्या असलेल्या सर्वांची. अंगणातली रांग अंधारात ठेवण्याचे, आणि स्वयंसेवकांच्या हाती लाल विजेऱ्या असण्याचेही, कारण हेच.

व्याख्यान सूर्यास्तानंतर लगेच ठेवतो, कारण सूर्य क्षितिजाखाली 18 अंश जाईपर्यंत आकाश पुरते काळे होत नाही. तेवढ्या वेळात उघड्या घुमटातली हवा बाहेरच्या हवेइतकी थंड होते. एरवी प्रतिमा थरथरत राहते.

घुमट बंद करण्याचा निर्णय आर्द्रता मोजून होतो. डोक्यावर तारे लखलखत असतानाही दव धरू शकते, आणि दुर्बिणीच्या आरशावरचा ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर ओलाव्याने खराब होतो. अशा वेळी रांग कितीही मोठी असो, दुर्बीण झाकावीच लागते.

अर्धा मिनिट अपुरा आहे, हे मान्य. हवा स्थिर होऊन प्रतिमा नितळ दिसण्याचे क्षण तुरळक असतात आणि ते पकडायला निवांतपणा हवा. बहुतेक मंडळी एकदा पाहून निघून जातात. रांग ओसरल्यावर थांबणाऱ्यांना पुन्हा हवा तेवढा वेळ पाहता येते. त्या वेळी दीर्घिकेकडे थेट न पाहता नजर किंचित बाजूला वळवावी, म्हणजे ती अधिक स्पष्ट जाणवते.

पुन्हा येणार असल्यास तिथी पाहून यावे. चंद्रावरची विवरे पाहायची तर शुक्ल सप्तमी-अष्टमी उत्तम, कारण तेव्हा सावल्या लांब पडतात. दीर्घिकांसाठी अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी.

आपला,
व्यवस्थापक, आकाशदर्शन कार्यक्रम
विद्यापीठ वेधशाळा