आर्काशोंची ओहोटी आणि बोर्दोची पिकदाणी

‘दोन रात्री, तीन दिवस’ हा हिशोब महाबळेश्वरला चालतो. तिथलं बघायचं ते धुक्यात असतं आणि खायचं ते दिवसभर मिळतं. पण फ्रान्सच्या नैऋत्य टोकाला आर्काशों नावाचं समुद्रकाठचं गाव आणि त्याच्या पाठीला बोर्दोचे द्राक्षमळे, हे दोन्ही नवरा-बायकोनं तीन दिवसांत उरकायचं म्हटलं की गाठ तीन घड्याळांशी पडते. एक समुद्राचं, एक खानावळीच्या चुलीचं आणि एक द्राक्षमळ्याच्या मालकाचं. ही तिन्ही घड्याळं एकमेकांशी बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते नवरा-बायकोही बोलत नाहीत.

व्हिसाचं मी काही सांगत नाही. तीस हजार युरोंचा आरोग्यविमा आणि दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट एवढं जमवून जो निघाला, तो पुढचं सोसायला तयार आहे असं धरून चालते.

पॅरिसच्या मोंपारनास स्टेशनावरून सुटणारी तेजेवे ही वेगवान गाडी २०१७पासून दोन तास आणि वर काही मिनिटांत बोर्दोला पोचते. तिथून आर्काशों लोकलनं सुमारे पन्नास मिनिटं. काही गाड्या थेट आर्काशोंपर्यंतही जातात. फलाट कुठला हे गाडी सुटायच्या वीसेक मिनिटं आधी फळ्यावर उमटतं आणि दारं सुटायच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. मधल्या अठरा मिनिटांत आपला डबा शोधायचा. आता गंमत अशी की लांब गाडी म्हणजे बऱ्याचदा दोन गाड्या नाकाला नाक लावून जोडलेल्या असतात. पहिलीत डबे १ ते ८, दुसरीत ११ ते १८. नऊ आणि दहा नाहीतच, आणि आठातून अकरात जायला आतून वाटही नाही. ‘आधी चढू तर खरं, मग आतून जाऊ’ हा दादर स्टेशनवर कमावलेला शहाणपणा इथे कामाचा नाही. ‘पुढच्या स्टेशनवर उतरून धावत जाऊ’ म्हणावं, तर थेट गाडीचं पुढचं स्टेशन बोर्दोच असतं. दोन तास दोन बॅगांसकट दाराशी उभं राहिल्यावर चूक कोणाची होती हे ठरवायला भरपूर वेळ मिळतो.

आर्काशों गाव म्हणून तिसऱ्या नेपोलियननं १८५७ साली हुकूम काढून जन्माला घातलं. त्याच साली तिथवर रेल्वेही आली. मग त्या रेल्वेवाल्या पेरेर बंधूंनी टेकडीवर, वाऱ्याच्या आडोशाला, नक्षीदार लाकडी सज्जांच्या बंगल्यांची वसाहत उठवली. पाइनच्या हवेत क्षयरोग्यांना बरं वाटेल, हा हिशोब. गावाचे भाग ऋतूंच्या नावाचे आहेत. हिवाळ्याचं गाव, उन्हाळ्याचं गाव, वसंताचं आणि शरदाचंही. खोली घेताना हे नीट बघा. फोटोतला देखणा बंगला बहुधा हिवाळ्याच्या गावात असतो आणि समुद्र उन्हाळ्याच्या गावात. चाकांची बॅग चढावर ओढणारा माणूस ‘किती काव्यात्म नावं आहेत ना’ या वाक्याला उत्तर देत नाही.

आता पहिलं घड्याळ. आर्काशोंला समोर दिसतो तो उघडा अटलांटिक नव्हे. ती एक मोठी खाडी आहे आणि तिचं तोंड अरुंद. भरतीला तिचं पाणी सुमारे १५५ चौरस किलोमीटर पसरतं, ओहोटीला चाळीसेक उरतं. बाकीचं कुठे जातं? समुद्रात. आपल्यासाठी उरतो तो चिखल, त्यात आडव्या पडलेल्या होड्या आणि मधल्या बेटाजवळ उंच खांबांवर उभ्या दोन लाकडी झोपड्या, ज्यांचे फोटो सगळे भरतीचे असतात. कोकणातला माणूस तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो. तो हिशोब मुंबई-रत्नागिरीचा, तो इथे लावू नका. इथे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती सकाळी लवकर आणि संध्याकाळी येते. ओहोटी नेमकी दुपारच्या जेवणाच्या आसपास, म्हणजे तुम्ही आंघोळ करून, टोपी घालून, फोटोसाठी किनाऱ्यावर याल तेव्हा. पर्यटन कार्यालयात भरतीचं कोष्टक मिळतं. त्यात वेळेशेजारी २० ते १२० मधला एक आकडा असतो. आकडा शंभराच्या वर म्हणजे दणदणीत उधाण आणि तेवढीच सपाट ओहोटी, चाळिशीत म्हणजे भांगाची, बेताची भरती. हॉटेलच्या आधी हे कोष्टक बघावं. कोणी बघत नाही.

खाडीपलीकडच्या काप फेरे गावाला जायला तिएर धक्क्यावरून होडी सुटते आणि अर्ध्या तासात पोचवते. तिथे कालवं खायची. होय, कालवंच, मालवणचे लोक कोयती घेऊन खडकावरून काढतात त्यांची शेती केलेली, गुबगुबीत भावंडं. कालवाची पिल्लं चुना फासलेल्या कौलांवर धरतात, मग ती खरवडून जाळीच्या पिशव्यांत वाढवतात. ताटात येतात तेव्हा जिवंत असतात आणि हे जेवायच्या आधी जोडीदाराला सांगायचं की नंतर, यावर घरोघर मतभेद असतील. आकाराला नंबर असतात आणि ते उलटे आहेत: नंबर ५ सगळ्यात लहान, ० सगळ्यात मोठं. ‘पहिल्यांदाच खातोय, आपण आपलं छोटं एक नंबरचं घेऊ’ असं म्हणणाऱ्यासमोर तळहाताएवढा ऐवज येतो. नवख्यांनी नंबर ४ मागावा, धीर असेल तर ३. शिंपल्यातलं पहिलं पाणी ओतून द्या, ते पुन्हा सुटतं. लिंबाचे दोन थेंब टाका; कड किंचित आक्रसली तर माल ताजा. मग तोंडात घेऊन दोन-तीनदा चावा. गिळून टाकायचं असतं ही अफवा आहे. गिळलं तर पैसे फुकट आणि चेहराही वाईट दिसतो. शेजारी पाव, लोणी, थंड पांढरी वाइन, आणि या भागात कधीकधी गरम छोटं सॉसेजही येतं. भर उन्हाळ्यात कालवं विणीला येतात तेव्हा दुधाळ लागतात, ती काहींना आवडत नाहीत. आपल्याकडे श्रावण पाळायला निदान धर्म तरी आहे.

जोडीतला एक शाकाहारी असेल तर कालवांच्या टपरीवर त्याच्या वाट्याला पाव, लोणी आणि लिंबू येतं. गावातल्या खानावळीत बकरीच्या चीजचं गरम सॅलड मिळतं, पण ‘लार्दों नको’ हे आधी सांगा, नाहीतर त्यात डुकराचे तुकडे शेंगदाण्यासारखे पेरलेले येतील. ‘मांस नको’ एवढंच म्हटलं तर मासा येतो, कारण मासा त्यांच्या लेखी मांस नाही. याबाबतीत आमच्या गोव्याच्या शेजाऱ्यांचंही तेच मत आहे. बोर्दोलेझ नावाचा तांबूस रस्सा वाइनचा म्हणून पावाशी खाऊ नका, परंपरेनं त्यात हाडातली मज्जा असते.

दुसरं घड्याळ चुलीचं. दुपारी बारा ते दोन. दोन वाजून दहा मिनिटांनी खुर्च्या रिकाम्या असतात, आचारीही आत दिसत असतो, तरी जेवण मिळत नाही. संध्याकाळी सात-साडेसातशिवाय पुन्हा चूल पेटत नाही. आपल्या लोकांना भूक नेमकी साडेतीनला लागते. यावर उपाय एकच: सकाळीच बेकरीतून एक लांब पाव आणि चार कानले घेऊन ठेवायचे. कानले म्हणजे तांब्याच्या साच्यात भाजलेला, बाहेरून काळपट कुरकुरीत आणि आतून मऊ, रम आणि व्हॅनिलाचा बोर्दोचा केक. त्यात अंडं आहे, हे साडेतीनला कोणी विचारत नाही. आणि कुठल्याही दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’. ते न म्हणता थेट ‘पाणी आहे का’ विचारलंत, तर पाणी मिळेल पण नजर वर्षभर पुरेल. खानावळीत ‘काराफ दो’ म्हटलं की नळाचं पाणी फुकट येतं. नुसतं ‘पाणी’ म्हटलं की बाटली येते आणि ती बिलात दिसते.

पिलाची वाळूची टेकडी हा या भागातला सगळ्यात खात्रीचा भांडणाचा मुद्दा. उंची शंभर मीटरच्या वर, लांबी तीन किलोमीटरच्या आत-बाहेर. जंगलाच्या बाजूनं ती उभी आणि समुद्राच्या बाजूनं उतरती. हंगामात जंगलाच्या अंगाला दीडशेच्या वर पायऱ्यांचा जिना लावतात. हंगाम संपला की काढून ठेवतात. जिना सोडून वाळूतून चढणारा एक पाऊल पुढे टाकतो आणि अर्धं मागे येतो. वर सावली नाही, पाणी नाही, वारा मात्र हवा तेवढा आहे आणि तो वाळूसकट आहे. खरी फसगत मात्र माथ्यावर होते. समोर समुद्र चमकतो, उतार सौम्य दिसतो, दोघांपैकी एकजण ‘चल ना, खाली जाऊन येऊ’ म्हणतो. खाली जाणं पाच मिनिटांचं, येणं त्याच वाळूतून आणि लांबलचक. सूर्यास्त बघायचाच असेल तर जूनमध्ये तो रात्री पावणेदहाच्या पुढे असतो. तोवर परतीची बस आहे का, हे आधी बघा.

तिसरं घड्याळ शातोचं. शातो म्हणजे राजवाडा. पण बोर्दोत तीन खोल्यांच्या शेतघरालाही, द्राक्षं आणि वाइन त्याच्या नावावर असली की, शातो म्हणतात. न कळवता गेलात तर राजवाडाही बंद आणि शेतघरही. वेळ आधी ठरवावी लागते. रविवारी बरेच बंद असतात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या तोडणीत कोणाला बोलायला फुरसत नसते. मोटार घेतली तर दोघांपैकी एकानं कोरडं राहायचं, कारण रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल एवढीच मर्यादा आहे. म्हणून माझं मत सँतेमिलियोंच्या बाजूनं: बोर्दोहून लोकलनं पाऊण तासाच्या आत. मात्र स्टेशन गावापासून दीडेक किलोमीटर, मळ्यांतून पायी. गाव चुनखडीच्या टेकडीवर आणि उताराच्या गल्ल्यांत गुळगुळीत गोटे बसवलेले. उंच टाचा घालणाऱ्यांसाठी त्या काळी नियोजन झालं नव्हतं. एका अखंड खडकातून कोरलेलं तिथलं चर्च बघा; वेरूळ बघितलेल्या माणसालाही मान हलवावी लागते.

एका दिवसात एकच शातो करा. दुसऱ्या ठिकाणीही तेच पोलादी पिंप, तीच २२५ लिटरची ओकची पिंपं (एकात ३०० बाटल्या) आणि तोच गारठा असतो. शाल न्या. मग येते चाखणी. पेला देठाला धरायचा, पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग बघायचा, टेबलावर ठेवूनच फिरवायचा. हवेत फिरवला की शेजाऱ्याच्या शर्टाचाही रंग बघता येतो. नाक आत घालायचं. घोटभर घेऊन ओठांतून हवा आत ओढायची, गरम चहाचा भुरका मारल्यासारखी. आणि मग थुंकायचं.

पन्नास वर्षं ‘येथे थुंकू नये’ वाचून वाढलेल्या माणसाला ही खरी परीक्षा. समोर चकचकीत पिकदाणी ठेवलेली असते आणि थुंकणं हा शिष्टाचार असतो. संकोचानं हळूच थुंकाल तर हनुवटीवरून ओघळ शर्टावर येतो, आणि मर्लो या काळ्या द्राक्षाच्या वाइनचा डाग धुतल्यावरही जात नाही. शीळ घालताना करतो तसे ओठ करा, जोर लावा, बारीक धार काढा. पान खाणाऱ्यांची पूर्वतयारी इथे कामी येते. न थुंकता चार-पाच पेले गिळले तर परतीच्या गोट्यांवर कळतं.

वाइन कशी वाटली असं विचारतील. ‘छान’ हे उत्तर पुरत नाही. आपल्याकडे एक शब्द आहे जो त्यांना फार वाक्यांत सांगावा लागतो: तुरट. हिरडा चावल्यावर किंवा चहा उकळून उकळून काळा केल्यावर जीभ जशी कोरडी पडते, ते टॅनिन. नदीच्या या, सँतेमिलियोंच्या काठाला मर्लो जास्त, तुरटपणा मवाळ. पलीकडच्या मेदोक भागात काबेर्ने सोव्हिन्यों ही द्राक्षं जास्त, तुरटपणा जोरात. मेदोकच्या वाइनींची उतरंड १८५५ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी लावली गेली आणि तिच्यात महत्त्वाचा असा एकच बदल झाला, १९७३ साली, एका शातोला दुसऱ्या वर्गातून पहिल्यात बढती. बढतीसाठी ११८ वर्षं. सरकारी नोकरांनी हे वाचून मन शांत करावं.

घरी आणायचं तर आपल्या कस्टमचा नियम माणशी दोन लिटर. ७५० मिलीच्या दोन बाटल्या झाल्या की दीड लिटर, आणि तिसरी पाव लिटरनं फसवते. त्यावर तोड म्हणजे दोन मोठ्या आणि एक अर्धी, ३७५ मिलीची, सोतेर्नची. ती बुरशी चढून सुकलेल्या द्राक्षांची गोड वाइन. आपल्या लोकांना पहिल्या घोटात आवडते आणि ती कोणी थुंकत नाही. बेरीज १८७५ मिली. बाटल्या जीन्सच्या पायात सरकवायच्या, बॅगेच्या मधोमध ठेवायच्या, हातातल्या सामानात नाही.

जीन्स आधी झटका. पिलाची टेकडी वाऱ्यानं दरवर्षी एक ते पाच मीटर पूर्वेकडे सरकते असं मोजलेलं आहे. पुणंही पूर्वेलाच. तिच्यातली मूठभर तुमच्या दोघांच्या बुटांतून बरीच आधी पोचते आणि गॅलरीत बूट झाडताना ‘खाली जाऊया कोण म्हणालं होतं’ हा विषय पुन्हा निघतो.